महागड्या एसयूव्हीचे ब्रेक पॅड अकाली झिजतात तेव्हा: नव्या मालकासाठी तपासणीचा क्रम

साठ-सत्तर लाखांची गाडी घेतलेल्या माणसाला पहिला धक्का बहुधा इन्शुरन्सचा बसतो आणि दुसरा ब्रेक पॅडचा. अठरा-वीस हजार किलोमीटरवर डॅशबोर्डवर दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरमधून मागच्या दोन्ही चाकांचे पॅड आणि ते ज्यांवर दाबले जातात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्क बदलण्याचा अंदाजखर्च येतो, आणि ‘आधीच्या साध्या गाडीचे पॅड पन्नास हजार चालले होते, याचे एवढ्यात कसे संपले?’ असे विचारल्यावर ‘गाडी कशी चालवता त्यावर असतं साहेब’ एवढेच उत्तर मिळते. ते उत्तर खोटे नसते, पण फार अपुरे असते. पॅड का झिजले हे सर्वांत नेमके सांगणारा साक्षीदार म्हणजे तो जुना पॅडच, आणि नवा बसवला की हा साक्षीदार थेट भंगारात जातो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांच्या आधी एक गोष्ट करावी: गाडी कामाला देताना जॉब कार्डवर ‘काढलेले सगळे पॅड, चाकाचे नाव आणि आतला की बाहेरचा हे लिहून, परत द्यावेत’ असे लिहून घ्यावे.

वजनाचा हिशेब

मोठ्या एसयूव्हीचे पॅड छोट्या गाडीपेक्षा लवकर संपणे हे काही प्रमाणात भौतिकशास्त्रच आहे. २३०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवताना ब्रेकना सुमारे ८९० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावी लागते. ९०० किलोच्या छोट्या गाडीला त्याच वेगावरून थांबताना ३५० किलोज्यूलच्या आसपास पुरते. एसयूव्हीचे पॅड आणि डिस्क आकाराने मोठे असतात खरे, पण वजन वाढते त्या प्रमाणात पॅडची जाडी वाढत नाही.

घाटाचे गणित याहून बोलके आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी सुमारे साडेबाराशे मीटर खाली येते. २३०० किलोच्या गाडीच्या बाबतीत ही ऊर्जा ताशी १०० वरून तीस वेळा पूर्ण थांबण्याएवढी भरते. त्यातला काही भाग टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध घेतो. उरलेला एक तर इंजिनाने घ्यायचा किंवा ब्रेकने. गिअर ‘डी’वर ठेवून, पायाखाली ब्रेक सतत हलका दाबून उतरणारा चालक तो सगळा पॅडवर टाकतो. शिवाय तापलेला पॅड थंड पॅडपेक्षा कितीतरी वेगाने झिजतो, त्यामुळे एक घाट किती किलोमीटरचा होता यावरून त्याने पॅडचे किती खाल्ले हे ठरत नाही.

पहिली पायरी: झीज खरोखर अकाली आहे का, ते ठरवणे

‘लवकर संपले’ ही तक्रार आकड्यात मांडता आली पाहिजे. नव्या पॅडवरील घर्षणाच्या थराची जाडी, ज्याला गॅरेजमध्ये नुसते ‘मटेरिअल’ म्हणतात, साधारण १० ते १२ मिलिमीटर असते. तो थर ३ मिलिमीटरवर आला की बदलण्याची तयारी करावी आणि २ मिलिमीटरच्या खाली गाडी चालवू नये, असा ढोबळ नियम धरावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. येथे नवख्यांची एक चूक ठरलेली आहे: ते मागच्या लोखंडी पाटीसकट जाडी मोजतात. ती पाटीच पाच-सहा मिलिमीटरची असते, त्यामुळे संपत आलेला पॅडही कागदावर धडधाकट दिसतो.

समजा, पॅड नवा असताना थर १२ मिलिमीटर होता आणि १२,००० किलोमीटरवर तो ९ भरला. म्हणजे दर हजार किलोमीटरला पाव मिलिमीटर झीज झाली, आणि ३ मिलिमीटरपर्यंत पोहोचायला आणखी २४,००० किलोमीटर आहेत. शहरात, गर्दीत फिरणाऱ्या सव्वादोन टनी गाडीला एकूण ३६,००० किलोमीटर हे वाईट आयुष्य नव्हे. हाच हिशेब १५-१८ हजारांवर येऊन थांबत असेल, किंवा चारपैकी एकाच चाकाचा पॅड इतरांच्या पुढे धावत असेल, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर पूर्ण विसंबू नये. अनेक युरोपीय बनावटीच्या गाड्यांत झीज दाखवणारा सेन्सर प्रत्येक ॲक्सलवर एकाच चाकाला असतो, उदाहरणार्थ पुढे डावीकडे आणि मागे उजवीकडे. मागच्या डाव्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकून तिथला पॅड लोखंडाला टेकला, तरी उजवा पॅड शाबूत असेपर्यंत दिवा गप्प राहतो.

दुसरी पायरी: चाक न काढता, घराच्या अंगणात

गाडी धुऊन आठवडाभर नेहमीसारखी चालवावी आणि मग चारही अलॉय व्हील शेजारी शेजारी पाहावीत. ब्रेकची काळी भुकटी पुढच्या चाकांवर मागच्यापेक्षा जास्त असणे स्वाभाविक आहे; पण एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत ठळक फरक दिसला तर जास्त काळ्या चाकाचा पॅड डिस्कला चिकटून चालत आहे असा संशय घ्यावा. पंधरा-वीस किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर शक्य तितका कमी ब्रेक वापरून येऊन इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्कचे तापमान मोजले, तर हा संशय बराच पक्का होतो. हे साधन ऑनलाइन स्वस्तात मिळते. डिस्कला हात लावून पाहण्याचा मोह आवरावा. अडकलेल्या कॅलिपरची डिस्क बोटाची कातडी सहज भाजते.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहावी. पॅड झिजला की पिस्टन पुढे सरकून राहतो, त्यामागची जागा तेलाने भरते आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणून ही पातळी थोडी उतरली असता, आधी पॅड न तपासता वरून तेल ओतणे चूक आहे. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला जातो आणि ते जादा तेल टाकीतून उतू जाऊन रंग खराब करते. पातळी एकाएकी बरीच उतरली असेल तर मात्र ती गळती समजावी आणि गाडी हलवू नये.

तिसरी पायरी: चाक काढून मोजणे

हे काम घरी करायचे असेल तर पाना हातात घेण्याआधी लॉकिंग बोल्टची चावी शोधावी. ही अंगठ्याएवढी वस्तू स्टेपनीजवळच्या हत्यारांच्या खणात असायला हवी. मागच्या टायरवाल्याकडे ती राहून गेल्याचे रस्त्यावर पंक्चर झाल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. एअर सस्पेन्शन असलेल्या गाडीत मेनूमधून जॅक मोड चालू करावा, नाहीतर गाडी उचलली जात असताना सस्पेन्शन स्वतःहून उंची सावरू पाहते. जमीन सपाट हवी, उरलेल्या चाकांना उटी हवी आणि नुसत्या जॅकवर विसंबू नये, खाली स्टँड लावलाच पाहिजे. यातले काही अवघड वाटत असेल तर पाचशे रुपये देऊन ओळखीच्या गॅरेजमध्ये रॅम्पवर चाके काढून घ्यावीत आणि मोजमाप तेवढे स्वतः करावे.

कॅलिपरवरची भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. मास्क लावून ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी. नंतर व्हर्नियरने प्रत्येक पॅडच्या थराची जाडी दोन्ही टोकांना मोजावी. चार चाके, प्रत्येकी दोन पॅड आणि प्रत्येकाची दोन टोके, असे सोळा आकडे वहीत लिहावेत आणि शेजारी किलोमीटरचे रीडिंग व तारीख टाकावी. बाहेरचा पॅड चाकाच्या आऱ्यांमधूनही दिसतो, पण आतला दिसत नाही. ‘पॅड बघितले, ठीक आहेत’ असे सांगणाऱ्याने बहुतेक वेळा फक्त बाहेरचा पाहिलेला असतो.

चौथी पायरी: आकडे वाचणे

मागच्या चाकांना, आणि बऱ्याच गाड्यांत पुढच्यांनाही, तरंगता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन एकाच बाजूला, आतल्या पॅडमागे असतो. तेलाचा दाब येताच तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपरचे अख्खे अंग दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने ओढून घेते. पाय काढल्यावर पिस्टनभोवतीचे रबरी सील किंचित पीळ सोडते आणि पिस्टन केसभर मागे येतो. मागे खेचणारी स्प्रिंग अशी आत नसते. सगळा मोकळेपणा त्या सीलवर आणि पिनांच्या सरकण्यावर अवलंबून असतो. हे एकदा डोळ्यांसमोर आणले की आकडे स्वतःच बोलू लागतात.

एका चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूपच पातळ असेल तर पिस्टन मागे येत नाही, किंवा पिना जाम झाल्यामुळे सगळे काम आतल्यालाच करावे लागत आहे. बाहेरचा जास्त पातळ असेल तर पाय काढल्यावर कॅलिपर मागे सरकत नाही, म्हणजे पुन्हा पिना किंवा पॅड ज्या खाचेत बसतो तिथला गंज. एकाच पॅडचे एक टोक जाड आणि दुसरे पातळ असेल, तर दोनपैकी एकच पिन अडकलेली असण्याची शक्यता मोठी. एका चाकाचे दोन्ही पॅड सारखेच, पण त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूच्या चाकापेक्षा फार पातळ असतील, तर ब्रेक ऑइल नेणारा जुना रबरी होज आतून फुगून तेल परत येऊ देत नाही का ते पाहावे. आणि चारही चाकांवर झीज डावी-उजवी सारखी असेल, तर कॅलिपरला दोष न देता पुढच्या पायरीकडे जावे.

माझ्या नात्यातल्या एका गाडीत हे प्रत्यक्ष पाहिले. पुण्यातली गाडी, महिन्यातून एकदा गुहागरला गावी जाणारी, आणि १९,००० किलोमीटरवर मागचे पॅड संपले म्हणून सांगितलेली. खापर अर्थातच ड्रायव्हरवर फुटले होते. चाके काढल्यावर उजवीकडे आतला आणि बाहेरचा दोन्ही पॅड सहा-साडेसहा मिलिमीटर भरले. डावीकडे बाहेरचा सात होता आणि आतला वरच्या टोकाला चार, खालच्या टोकाला दोन. कॅलिपरची वरची पिन बोटाने सहज आत-बाहेर होत होती; खालची पक्कडीनेही हलेना. पिनेवरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, एका ठिकाणी ब्लेडने चिरल्यासारखे फाटलेले होते आणि बाहेर काढलेल्या पिनेवर ग्रीसऐवजी तपकिरी खरपुडी होती. कोकणातली खारी हवा, दोन पावसाळे आणि बहुधा धुण्याच्या मशीनचा प्रेशरचा झोत एवढे त्या बुटाला पुरेसे झाले. ड्रायव्हरच्या पायाने एकाच चाकाचा एकच पॅड, तोही खालच्या टोकाला, झिजू शकत नाही, हे त्या आकड्यांसमोर कोणालाच नाकारता आले नाही.

पिना साफ करून पुन्हा बसवताना साधे पेट्रोलियम ग्रीस लावू नये. ब्रेकमधले रबर त्याने फुगते आणि पिन पुन्हा जाम होते; ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस किंवा कंपनीने सुचवलेलेच वापरावे. फाटलेला बूट आणि गंजलेली पिन बदलावी, घासून परत लावू नये.

पाचवी पायरी: यंत्रात दोष नसेल तर पाय आणि प्रणाली

जुन्या समजुतीप्रमाणे पुढचे पॅड आधी संपायला हवेत. ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकते, हे त्यामागचे कारण बरोबरच आहे. पण आजच्या महागड्या एसयूव्हीमध्ये मागचे पॅड आधी संपणे नवलाचे राहिलेले नाही. गाडी स्वतःहून ब्रेक लावते तेव्हा नाक खाली जाऊ नये म्हणून हलक्या ब्रेकिंगचा मोठा वाटा मागच्या चाकांना देण्याची पद्धत आहे, आणि वळणावर किंवा चिखलात एखादे चाक आवरण्यासाठी स्थिरता नियंत्रण प्रणाली त्या चाकाचा ब्रेक चालकाच्या नकळत वापरते. पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग स्वतः सांभाळणारा ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल लावून पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर जाणारा मालक ‘मी तर ब्रेकला पायच लावला नाही’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगतो; मध्येच घुसणाऱ्या प्रत्येक गाडीमागे त्याच्या गाडीने मात्र ब्रेक लावलेला असतो. अशा रहदारीत अंतराची सेटिंग जास्त ठेवावी किंवा क्रूझ बंद ठेवावा.

उतारावर वेग आपोआप धरणाऱ्या हिल डिसेंट कंट्रोलबद्दलचा गैरसमज तर जवळजवळ सार्वत्रिक आहे. हे बटण इंजिनाचा ब्रेक वाढवत नाही. ते एबीएसच्या यंत्रणेमार्फत चाकांचे ब्रेकच लावत-सोडत गाडीचा वेग धरते. कच्च्या, तीव्र उतारावर त्याचा उपयोग मोठा आहे, पण डांबरी घाटात ते लावून पॅड वाचत नाहीत. घाटात गिअर मॅन्युअलवर घेऊन किंवा स्टीअरिंगमागच्या पॅडलने तिसरा, गरज पडल्यास दुसरा गिअर धरावा, वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि पाय पूर्ण काढून डिस्कला थंड होऊ द्यावे. काही गाड्यांत ‘इको’ मोडवर ॲक्सिलरेटर सोडताच गिअरबॉक्स इंजिनापासून सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. मैदानात त्याने डिझेल वाचते, पण उतारावर तो मोड बंदच असावा.

थांबलेल्या गाडीचा ब्रेक आपोआप धरून ठेवणाऱ्या ऑटो होल्डवर मात्र उगाच आळ येतो. सिग्नलला उभ्या गाडीत पॅड डिस्कला घट्ट दाबलेला असला तरी घासत नाही, आणि घासल्याशिवाय झीज नाही. गर्दीत झीज होते ती ऑटोमॅटिक गाडीला पुढे रांगू देत, अर्धवट ब्रेकवर दर दोन मीटरला आवरण्याने. पुढच्या गाडीला थोडे अंतर देऊन एकदम सरकावे आणि पूर्ण थांबावे, एवढ्याने फरक पडतो. गतिरोधकाचेही तसेच: ताशी ८० वरून १० वर आणायला ५० वरून आणण्याच्या अडीचपटीहून अधिक ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, तेव्हा लांबून पाय काढलेला बरा. ब्रेकवर डावा पाय ठेवून चालवण्याची सवय कोणाला आहे का, हे घरातल्या प्रत्येक चालकाच्या शेजारी एकदा बसून पाहावे.

सहावी पायरी: सर्व्हिस सेंटरशी बोलताना

पॅड हा झिजणारा भाग असल्यामुळे वॉरंटीत सहसा धरला जात नाही. अडकलेला कॅलिपर, मागे न येणारा पिस्टन किंवा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकची मोटर हे मात्र दोषात मोडू शकतात, आणि ‘पॅड लवकर संपले’ व ‘मागच्या डाव्या कॅलिपरची खालची गाइड पिन सरकत नाही, त्यामुळे आतला पॅड असमान झिजला’ या दोन वाक्यांत फरक आहे तो इथे. दुसरे वाक्य आकडे आणि फोटोंसह जॉब कार्डवर लिहून घ्यावे आणि उत्तरही लेखी मागावे. तोंडी आश्वासनावर गाडी घेऊन निघू नये. लेखी उत्तर टाळले जात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

पॅडबरोबर डिस्कही बदलावी लागेल असे सांगितले तर आधी डिस्कची जाडी मोजून दाखवायला सांगावे. किमान जाडी बहुतेक डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेला कोरलेली असते. मोजलेली जाडी त्याहून पुरेशी जास्त असेल, तडे किंवा खोल चरे नसतील आणि ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरत नसेल, तर डिस्क बदलण्याची घाई करण्याचे कारण नाही.

सातवी पायरी: नवे पॅड

बाजारातले स्वस्त पॅड बसवण्याआधी ते त्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त आहेत का ते पाहावे. युरोपीय गाडीसाठी घेताना खोक्यावर आर-९० मान्यतेची खूण असलेले घेणे सुरक्षित. सिरॅमिक पॅड भुकटी कमी सोडतो, तर युरोपीय गाड्यांत मुळात येणारा कमी धातूचा पॅड बहुधा थंडही चांगला पकडतो, मात्र भुकटी जास्त आणि डिस्कची झीजही जास्त. दोन चाकांना दोन प्रकार कधीही चालणार नाहीत, ॲक्सलचा जोड एकसारखाच हवा.

मागच्या चाकांचे पॅड बदलताना गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते, म्हणजे पार्किंग ब्रेकची मोटर पूर्ण मागे येते. हे न करता पिस्टन क्लॅम्पने रेटला तर मोटरची यंत्रणा मोडते आणि पॅडच्या कित्येक पट खर्च होतो. नवख्याने हे काम घरी करू नये. झिजून तुटलेला सेन्सर पुन्हा वापरता येत नाही, तोही बदलावा. ब्रेक ऑइलला दोन वर्षे होऊन गेली असतील तर याच वेळी बदलून घ्यावे, कारण ते हवेतले बाष्प शोषते. डॉट ४ दर्जाच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच अट १५५ अंशांवर येते, आणि तेच पाणी पिस्टनलाही आतून गंजवते.

गाडी ताब्यात मिळाल्यावर सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, पूर्ण थांबू नये, आणि दोन वेळांमध्ये अर्धा किलोमीटर तरी डिस्कला वारा लागू द्यावा. यामुळे पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. पहिले ३०० किलोमीटर जोरात ब्रेक मारण्याचे प्रसंग टाळावेत.

मग वहीत नव्या पॅडचे सोळा आकडे लिहावेत आणि पुढच्या प्रत्येक पाच हजारांवर, टायर फिरवून घेतानाच, पुन्हा मोजावे. गुहागरला जाणाऱ्या त्या गाडीत दोन्ही गाइड पिना आणि बूट बदलले, ड्रायव्हर तोच राहिला. अकरा मिलिमीटरच्या नव्या पॅडवर दहा हजार किलोमीटर झाल्यावर मागच्या डाव्या चाकाचा आतला पॅड साडेनऊ भरला, बाहेरचा पावणेदहा.